ब्रिस्टलने स्वतःचं इंजिन उतरवलं तेव्हा

इंजिन बदललेली गाडी आपल्याकडे नवलाची नाही. पेट्रोल परवडेना तेव्हा जुन्या डॉज, प्लिमथमधून मूळ इंजिन उतरवून तिथे पर्किन्सचं डिझेल बसवणारे मिस्त्री आपल्याकडे गावोगावी होते. गाडी धडधडत चालायची, धंदा व्हायचा. पण गाडीवर जीव असलेला माणूस बॉनेट उघडून आत पाहायचा आणि हळहळायचा.

१९६१ साली इंग्लंडमध्ये, ब्रिस्टल शहराला लागून असलेल्या फिल्टनमध्ये, एका छोट्या कंपनीने आपल्याच कोऱ्या गाडीचं इंजिन असं उतरवलं. कंपनी ब्रिस्टल कार्स, गाडी ४०७. मोजक्या गाड्या, हाताने बनवलेल्या, लांबच्या प्रवासाला चार माणसं आणि त्यांचं सामान आरामात आणि वेगात नेणाऱ्या. काढलेलं इंजिन नावाजलेलं होतं. कित्येकांनी ब्रिस्टल घेतली ती त्या इंजिनापायीच, आणि दुसऱ्या गाडीवाल्या कंपन्याही ते विकत नेत असत. त्याच्या जागी आलं कॅनडात बनलेलं, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडर दोन रांगांत ‘V’ सारखे मांडलेलं इंजिन. या बदलानंतर ब्रिस्टल जवळपास पन्नास वर्षं चालली. तशाच गाड्या बनवणाऱ्या, हिच्याहून मोठं नाव असलेल्या कंपन्या पंधरा वर्षांच्या आत बुडाल्या.

माझा जीव जुन्या सहा सिलिंडरच्या ब्रिस्टलवर आहे, हे आधीच सांगतो. तरीही १९६१ चा निर्णय बरोबर होता असं माझं ठाम मत आहे. ते का, हे या प्रकरणात मांडायचं आहे.

विमानवाल्यांची गाडी

ब्रिस्टल एअरोप्लेन कंपनीची मुळं १९१० मधली. सर जॉर्ज व्हाइट यांनी ती उभी केली. त्याआधी त्यांचा ट्रामचा धंदा होता. पहिलं महायुद्ध संपलं तसा लष्कराच्या मागणीचा ओघ आटला आणि कारखाना अडचणीत आला. ही आठवण घरात पक्की होती. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात ब्लेनहाइम आणि ब्यूफायटर विमानं बनवत असतानाच, युद्ध संपल्यावर या कुशल हातांना काम काय द्यायचं, याचा विचार फिल्टनमध्ये सुरू झाला होता. उत्तर निघालं मोटारगाडी.

युद्धाआधी इंग्लंडमध्ये बीएमडब्ल्यूच्या गाड्या आणून विकणारे फ्रेझर नॅश कंपनीचे एच. जे. आल्डिंग्टन १९४५ मध्ये ब्रिस्टलबरोबर आले. म्युनिकचा कारखाना बॉम्बहल्ल्यांत खिळखिळा झाला होता. तिथून आराखडे आले, आणि पुढे बीएमडब्ल्यूचे अभियंते फ्रिट्झ फिडलरही इंग्लंडला आले. १९४७ च्या जिनिव्हा प्रदर्शनात ब्रिस्टल ४०० उभी राहिली तेव्हा तिची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, बीएमडब्ल्यू ३२६ च्या वळणाची, बॉडी ३२७ च्या वळणाची आणि इंजिन ३२८ चं होतं. पुढची दोन मूत्रपिंडांसारखी जाळीसुद्धा तशीच ठेवली होती.

या इंजिनापाशी जरा थांबायला हवं. १९७१ सीसी, एका रांगेत सहा सिलिंडर. सिलिंडरच्या माथ्यावरची जळणाची पोकळी अर्धगोल केली तर इंजिन मोकळा श्वास घेतं, पण मग दोन्ही व्हॉल्व्ह एकमेकांपासून कलते बसवावे लागतात. ते हलवण्यासाठी साधारणपणे वर दोन कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप करणारे फिरते दांडे, द्यावे लागतात, आणि ते काम महागडं. बीएमडब्ल्यूने एकच कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्येच ठेवला. हवा आत घेणारा व्हॉल्व्ह नेहमीच्या उभ्या पुशरॉडने, म्हणजे ढकलणाऱ्या दांडीने, हलायचा. बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हसाठी मात्र उभा पुशरॉड, वर रॉकर नावाची तरफ, मग हेडवरून आडवा जाणारा छोटा पुशरॉड आणि पलीकडे दुसरा रॉकर अशी साखळी. एका सिलिंडरला तीन, म्हणजे एकूण अठरा पुशरॉड. व्हॉल्व्हच्या दोन्ही ओळींच्या मधून हवेची वाट सरळ खाली उतरते आणि वर तीन सोलेक्स कार्ब्युरेटर बसतात. बॉनेट उघडल्यावर हे इंजिन दोन कॅमशाफ्टवालंच वाटतं. जुळवणी नाजूक आहे, टॅपेटचं अंतर जराही चुकलं तर ते लगेच कुरकुरतं, पण नीट लावलेलं असेल तर फेऱ्या चढत जातील तसं ते असं फुलतं की चालवणाऱ्याला गिअर बदलावासा वाटत नाही.

ब्रिस्टलने हे इंजिन विमानाच्या इंजिनाच्या शिस्तीने बनवलं. धातू निवडक, मापं काटेकोर, प्रत्येक भागाची तपासणी. सुरुवातीला ऐंशी-पंच्याऐंशी अश्वशक्ती देणारं इंजिन ४०४ आणि ४०५ पर्यंत १०५ वर गेलं. शर्यतीच्या गाड्यांत ते दीडशेच्या आसपास पोचलं. १९५२ मध्ये शर्यतीचे चालक माइक हॉथॉर्न जिच्यामुळे नावारूपाला आले त्या कूपर-ब्रिस्टलमध्ये हेच इंजिन होतं. फ्रेझर नॅश, एसी कंपनीची एस, शिकागोच्या आर्नोल्टने इटलीच्या बर्तोनेकडून बॉडी करून घेतलेली आर्नोल्ट-ब्रिस्टल, या सगळ्यांच्या पोटातही हेच. १९५४ आणि १९५५ अशी दोन्ही वर्षं ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ब्रिस्टलच्या तीन ४५० गाड्या सातव्या, आठव्या आणि नवव्या आल्या आणि आपल्या वर्गात जिंकल्या. १९५५ ची तीच ती शर्यत, जिच्यात प्रेक्षकांत गाडी घुसून ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्यानंतर ब्रिस्टलने शर्यती सोडल्या.

ओझं वाढत गेलं

इंजिन १९३६ च्या आराखड्याचं, आणि गाडी दरवर्षी जड होत होती. ४०१ ची बॉडी इटलीच्या टूरिंगच्या सुपरलेजेरा पद्धतीची होती, म्हणजे बारीक नळ्यांच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. ती वाऱ्याला फार कमी अडवायची, म्हणून दोन लिटरवरही झकास पळायची. नंतर ४०५ आली, ब्रिस्टलची चार दरवाज्यांची एकुलती एक गाडी. मग १९५८ ची ४०६. ती रुंद, ऐसपैस, चारही चाकांना डिस्क ब्रेक असलेली. आता डॉक्टर, वकील, उद्योजक हे गिऱ्हाईक होतं आणि त्यांना आराम हवा होता. इंजिन २२१६ सीसीपर्यंत वाढवलं, तरी अश्वशक्ती १०५ च राहिली. खालच्या फेऱ्यांत ओढ थोडी सुधारली एवढंच. गाडीचं वजन मात्र साडेतेराशे किलोच्या पुढे गेलं होतं.

पलीकडे जॅग्वार होती. १९५९ मध्ये ३.८ लिटरची मार्क टू, आणि मार्च १९६१ मध्ये जिनिव्हात ई-टाइप. ई-टाइपची किंमत दोन हजार पौंडांच्या थोडी वर. ब्रिस्टल तिच्या दुपटीहून महाग आणि वेगात मागे. जॅग्वार हजारोंनी गाड्या काढत होती, तिच्याशी किमतीत झुंजण्याचा प्रश्नच नव्हता. पण दुप्पट पैसे घेऊन गिऱ्हाइकाला चढावर गिअर उतरवायला लावायचं, हे किती दिवस चाललं असतं?

ब्रिस्टलने स्वतःचं मोठं सहा सिलिंडरचं इंजिन आखायला घेतलं होतं. खर्चाचा अंदाज आल्यावर ते सोडून दिलं. तेवढ्यात घरच फुटलं. सरकारच्या रेट्याने १९६० मध्ये ब्रिटनच्या विमान कंपन्या एकत्र केल्या गेल्या. व्हिकर्स, इंग्लिश इलेक्ट्रिक आणि ब्रिस्टलची विमानशाखा मिळून ब्रिटिश एअरक्राफ्ट कॉर्पोरेशन झाली. त्या प्रचंड संस्थेत मोटारगाड्यांच्या छोट्या विभागाला जागा नव्हती. तो विभाग घेतला दोघांनी. एक सर जॉर्ज व्हाइट, संस्थापकांचे नातू. दुसरे टोनी क्रुक, युद्धातले वैमानिक, शर्यतीचे चालक आणि ब्रिस्टलचे विक्रेते. १९५२ आणि १९५३ च्या ब्रिटिश ग्रां प्रीमध्ये ते स्वतः उतरले होते.

दोघांच्या हाती तेव्हा होतं ते असं: उत्तम चासी, उत्तम पत्राकाम, निष्ठावान पण मोजकं गिऱ्हाईक, आणि थकलेलं इंजिन. पाठीशी आता विमान कंपनीची तिजोरी नाही.

काय सोडलं, काय राखलं

४०७ मध्ये क्रायस्लरचं ५१३० सीसीचं व्ही-८ आलं. २५० अश्वशक्ती, म्हणजे जवळपास अडीचपट. सोबत क्रायस्लरचाच तीन गिअरचा टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या घरात गेला. पुढचे आडवे पाटे जाऊन कॉइल स्प्रिंग आल्या, कारण तेवढं वजन आणि वेग जुन्या मांडणीला पेलवणारा नव्हता.

इथे उत्साही लोकांनी कपाळाला हात लावला. अठरा पुशरॉडच्या जागी अमेरिकेच्या रस्त्यांवर लाखोंनी फिरणारं लोखंडी धूड! मला त्यांची हळहळ कळते. पण या गाडीतलं काय बदललं नाही ते पाहिलं की व्हाइट आणि क्रुक यांचं डोकं कसं चाललं होतं ते उमगतं. स्वतंत्र पोलादी चासी तीच, चाकांच्या दोन आसांतलं अंतर ४०० पासूनचं ९ फूट ६ इंच तेच. मागची टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणाऱ्या दांडीची, स्प्रिंगही तीच. ॲल्युमिनियमची हाताने घडवलेली बॉडी तीच. गाडी अरुंद, सुमारे ५ फूट ८ इंच, त्यामुळे इंग्लंडच्या चिंचोळ्या गावरस्त्यांवर निभावणारी. आणि इंजिन पुढच्या आसाच्या बरंच मागे सरकवून बसवायची रीतही तीच.

इंजिन मागे गेल्यामुळे पुढच्या चाकामागे, मडगार्डच्या पोटात जी जागा उरते तिचा उपयोग ब्रिस्टलइतका सुंदर कुणी केलेला मी पाहिला नाही. डाव्या मडगार्डचा पत्रा वर उचलला की आत स्टेपनी उभी. उजवीकडच्या कप्प्यात बॅटरी आणि फ्यूज. वजन दोन आसांच्या मध्ये राहतं, बॅटरी बघायला बॉनेट उघडावं लागत नाही, पंक्चर झालं तर डिकीतलं सामान रस्त्यावर काढावं लागत नाही. आपण ज्याला स्टेपनी म्हणतो तो शब्दही मूळचा याच भागातला आहे: ब्रिस्टलच्या खाडीपलीकडे वेल्समध्ये लानेथली नावाचं गाव आहे, तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुटं चाक बनवून विकणारी कंपनी निघाली. तिकडे तो शब्द विस्मरणात गेला, आपल्याकडे अजून प्रत्येक गॅरेजमध्ये जिवंत आहे.

म्हणजे गिऱ्हाइकाच्या हाताला, पाठीला, डोळ्याला जे जाणवतं ते सगळं ब्रिस्टलने स्वतःकडे ठेवलं. जे दुसरा कारखाना लाखोंच्या संख्येने, कमी पैशात आणि कमी कटकटीत बनवत होता ते बाहेरून घेतलं. आपलं सर्वांत लाडकं काम हेच आता बाहेर द्यायला हवं, हे ओळखायला मन घट्ट लागतं.

याच वर्षीची एक गोष्ट मला कायम या प्रकरणाला जोडून आठवते. १७ जून १९६१ रोजी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टचं एचएफ-२४ मारुत हे लढाऊ विमान पहिल्यांदा उडालं. आराखडा जर्मन अभियंते कुर्ट टँक यांचा, आणि इंजिनं ब्रिस्टलच्या ऑर्फियस जातीची. मारुतसाठी ऑर्फियसचं अधिक ताकदीचं रूप यायचं होतं, त्याच्या विकासाचा पैसा कुणी दिला नाही, आणि देखणं विमान शेवटपर्यंत कमी ताकदीच्या इंजिनावर उडत राहिलं. आकार उत्तम आणि इंजिन तोकडं, हा पेच त्या वर्षी फिल्टनलाही होता. फिल्टनला बाजारात तयार इंजिन मिळालं, बंगळूरला मिळालं नाही.

बाकीच्यांचं काय झालं

निर्णयाची किंमत कळायला शेजारी पाहावं लागतं. फ्रान्सच्या फासेल व्हेगाचं उदाहरण सर्वांत बोलकं आहे. जाँ दानिनो यांची ही कंपनी १९५४ पासून क्रायस्लर गटाचीच व्ही-८ इंजिनं वापरून भव्य गाड्या बनवत होती आणि त्या चालत होत्या. मग त्यांना छोटी, संख्येने जास्त विकणारी फासेलिया काढावीशी वाटली, आणि तिच्यासाठी १.६ लिटरचं दोन कॅमशाफ्टचं स्वतंत्र फ्रेंच इंजिन. पिस्टन जळू लागले, गाड्या हमीखाली परत येऊ लागल्या. पुढे व्होल्वोचं भरवशाचं इंजिन बसवलं, पण तोवर उशीर झाला होता. १९६४ मध्ये कंपनी बंद. ब्रिस्टल स्वतःचं इंजिन सोडून उसन्याकडे गेली आणि तरली. फासेल उसनं सोडून स्वतःच्या मागे लागली आणि बुडाली.

गॉर्डन-कीबलकडे शेवरोलेचं व्ही-८ होतं, तरुण इटालियन आराखडाकार जुजारो यांनी बर्तोनेसाठी आखलेला आकार होता. गाडी अप्रतिम. पण किंमत २,७९८ पौंड ठेवली, त्यात खर्च निघेना, आणि शंभरच्या आसपास गाड्यांवर सगळं थांबलं.

जेन्सनचा मार्ग ब्रिस्टलच्या सर्वांत जवळचा होता. १९६२ च्या सी-व्ही८ पासून तेच क्रायस्लर, १९६६ ची इंटरसेप्टर तर सहा हजारांहून जास्त निघाली. तिथेच थांबले असते तर? १९७२ मध्ये लोटसच्या नव्या, न मुरलेल्या इंजिनावर जेन्सन-हीली काढली, दहा हजारांहून जास्त बनवल्या, तक्रारी वाढल्या, मधेच तेलाचं संकट आलं. १९७६ मध्ये वेस्ट ब्रॉमविचच्या कारखान्याला कुलूप लागलं.

आणि एसी. ब्रिस्टलचं इंजिन मिळणं संपत आलं तशी एसीची एस गाडी पोरकी झाली. त्याच १९६१ मध्ये अमेरिकेचे शर्यतीचे चालक कॅरोल शेल्बी यांनी एसीला विचारलं, तुमच्या गाडीत अमेरिकी व्ही-८ बसेल का? त्यातून कोब्रा जन्मली. ब्रिस्टलच्या त्या एका निर्णयाचे पडसाद इतक्या दूर गेले, हे कोब्रावर जीव टाकणाऱ्यांपैकीही थोड्यांच्याच लक्षात असतं.

क्रुकांचं राज्य

पुढचा काळ ४०८, ४०९, ४१०, ४११ असा आकड्यांनी सरकत गेला. १९६९ ते १९७६ मधली ४११, सुरुवातीला ६.३ लिटरची, हा त्या मालिकेचा कळस. माझ्या मते ब्रिस्टलच्या व्ही-८ गाड्यांतली तीच सर्वांत प्रमाणबद्ध आहे. १९७३ मध्ये व्हाइट बाजूला झाले आणि टोनी क्रुक एकटे मालक उरले.

क्रुक यांनी वाढायचंच नाही असं ठरवलेलं दिसतं. वर्षाला दीडशेच्या आत गाड्या. जगभरात शोरूम एकच, लंडनच्या केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवर. जाहिरात जवळजवळ नाही. मासिकांना चाचणीसाठी गाडी द्यायची नाही. पटलं नाही तर गिऱ्हाइकाला वाटेला लावण्याबद्दल त्यांची ख्याती होती. लोक या हट्टीपणाच्या गोष्टी रंगवून सांगतात. मला त्यामागचं गणित जास्त मोलाचं वाटतं. कंपनी आपल्याच जुन्या गाड्या परत घेई, दुरुस्त करी, पुन्हा विके, आणि वर्षानुवर्षं त्यांची सर्व्हिसिंग करी. ॲल्युमिनियमचा पत्रा गंजून गळून पडत नाही, चासी जाड आहे, इंजिन क्रायस्लरचं म्हणजे सुटे भाग मिळायला अडचण नाही. त्यामुळे वीस वर्षांची ब्रिस्टलही कंपनीला काम देत राहिली. नवी गाडी विकली न गेलेला महिना अशा कंपनीला मारत नाही. हे उसन्या इंजिनामुळे जमलं. नाजूक, स्वतःचं, मोजक्या संख्येत बनणारं इंजिन असतं तर एकेका सुट्या भागासाठी यंत्रं आणि माणसं अडकून पडली असती.

नावंही पुढे विमानांची आली: ब्यूफायटर, ब्रिटानिया, ब्रिगँड, आणि नव्वदच्या दशकातली ब्लेनहाइम. पण ब्लेनहाइमच्या पत्र्याखाली मूळ १९४७ च्या वळणाची चासी होती, आणि इथे मला या प्रकरणाची दुसरी बाजूही मांडायला हवी. इंजिन बाहेरून घेतल्यावर वाचलेली ताकद चासीवर, सस्पेन्शनवर लावता आली असती. ती फारशी लावली गेली नाही. १९६१ मध्ये धाडसाने बदलणारी माणसंच नंतर काहीही बदलायला नाखूश झाली. सगळी कंपनी एका माणसाच्या स्मरणात, ओळखीत आणि मर्जीत साठली होती. १९९७ मध्ये टोबी सिल्व्हर्टन यांनी भागीदारी घेतली, डॉज व्हायपरच्या ८ लिटर व्ही-१० इंजिनावर वर उघडणाऱ्या दरवाज्यांची फायटर आली, ती मोजकीच बनली. क्रुक २००७ पर्यंत, म्हणजे वयाच्या सत्त्याऐंशीच्या आसपासपर्यंत, काम पाहत होते. मार्च २०११ मध्ये कंपनी प्रशासकाच्या हाती गेली. ती फ्रेझर-नॅश गटाने घेतली. हे नाव वाचताना मला १९४५ चे आल्डिंग्टन आठवले. २०१६ मध्ये त्यांनी बुलेट दाखवली, तिच्यात बीएमडब्ल्यूचं व्ही-८ होतं. ती गाडी विक्रीपर्यंत पोचलीच नाही, आणि २०२० मध्ये कंपनी अवसायनात निघाली.

आज बाजार काय म्हणतो

आज लिलावात सहा सिलिंडरच्या ४०४ ला ४०७ पेक्षा कितीतरी जास्त भाव येतो. आखूड चासीच्या, पन्नासच्या आसपासच बनलेल्या त्या गाडीवर माझंही मन आहे. त्यामुळे ४०७ हा चुकीचा रस्ता होता असं कुणी त्या भावाकडे बोट दाखवून म्हटलं, तर त्याची भावना मला परकी नाही. पण ४०४ विकून कंपनी जगत नव्हती, आणि ४०४ चं हेड उघडायचं म्हटलं की ते काम जाणणारा कारागीर हुडकावा लागतो, अनेक भाग नव्याने घडवून घ्यावे लागतात. ४०७ चा मालक गॅस्केटचा संच मागवतो, आपल्या गॅरेजमध्ये आठवड्याभरात काम उरकतो आणि शनिवारी सकाळी, स्टेपनीची हवा तपासून, डाव्या मडगार्डचा पत्रा खाली घेऊन, बायकोपोरांसह स्कॉटलंडच्या वाटेला लागतो.